नवोदयला नंबर लागला, आता पुढे?

मागच्या वर्षी निकाल आला त्या दिवशी आमच्या जिल्हा परिषद शाळेतली एक पोरगी नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या सहावीपासूनच्या निवासी शाळेला, लागली. तिचा बाप वावरातून तसाच उठून, मातीच्या पायांनी शाळेच्या ओट्यावर आला. हातात मोबाईल, त्यावर तिचा रोल नंबर. "गुरुजी, आता आमची पोट्टी सायंटिस्ट होनार नं?" मी म्हटलं, "भाऊ, आधी तिले सहावीत तर जाऊ द्या." तो हसला, पण प्रश्न काही सोडेना. "मंग थे शाळा सायन्सची हाय का नाई?"

उत्तर 'नाही' असं आहे. पण नुसतं 'नाही' म्हणून मोकळं होण्यासारखा हा प्रश्न नाही. सायन्सची सरकारी शाळा असा एक प्रकार जगात खरोखरच आहे, आणि तो समजून घेतला की आपल्या नवोदयकडेही वेगळ्या नजरेने बघता येतं.

अशी शाळा सरकारच्या पैशाने चालते, त्यामुळे शिकायला फी नसते. पण गावातल्या शाळेसारखा दाखला घेऊन गेलो आणि बसलो, असंही नसतं. मुलं निवडून घेतात. आत गेल्यावर गणित आणि विज्ञानाला इतर शाळांपेक्षा जास्त तास, त्या विषयात मुरलेले शिक्षक, आणि मुलांनी हात लावावा अशी प्रयोगशाळा मिळते. भाषा, इतिहास, खेळ सुटत नाहीत. अकरावीला नाव खेड्यातल्या कॉलेजात घालायचं, बसायचं नागपूर नाहीतर लातूरच्या क्लासमध्ये आणि प्रॅक्टिकलची वही जानेवारीत दोन रात्रींत उतरवून काढायची, हा जो प्रकार आपल्याकडे चालतो, त्याच्या बरोबर उलटी ही शाळा. क्लासला परीक्षेपुरतं विज्ञान हवं असतं. या शाळेत पोरं प्रयोग फसला तर तो का फसला यावर आठवडाभर वाद घालतात आणि त्याला अभ्यासच म्हणतात.

मी पालकांना समजावताना डाळीचं उदाहरण देतो. तुरीची डाळ करताना आधी चाळणी आणि मग जातं. शाळेचंही तसंच आहे. कोणतं पोर आत येणार ते चाळणी ठरवते, आणि आत आल्यावर त्याचं काय होणार ते जातं. आपली सगळी बोलणी चाळणीपाशीच थांबतात. नंबर लागला का, कटऑफ किती, कोणत्या क्लासला घातलं होतं, बस.

तरी चाळणीपासूनच सुरुवात करू, कारण तिची भोकं कशी पाडली यावर कोणाचं पोर आत जाणार हे ठरतं.

न्यूयॉर्क शहरात ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्स ही सरकारी शाळा १९३८ साली सुरू झाली. तेव्हा ती फक्त मुलग्यांची होती, मुलींना १९४६ साली दार उघडलं. या एका शाळेतून शिकून गेलेल्या सात जणांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुलना म्हणून सांगतो, भारतात राहून, इथेच काम करून भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे एकटे सी. व्ही. रामन. (आणि तेसुद्धा तरुणपणी काही काळ नागपुरात सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं.) तर या शाळेत जायला एकच परीक्षा असते. १९७१ साली तिथे कायदाच झाला की प्रवेश फक्त त्या परीक्षेच्या गुणांवर द्यायचा. वर्षभराचे मार्क नाहीत, शिक्षकाची शिफारस नाही.

ऐकायला किती स्वच्छ वाटतं! पण शहराच्या सरकारी शाळांमध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांतली) मुलं बहुसंख्य असताना या शाळेत ती थोडीच पोचतात. ज्यांच्या घरी लहानपणापासून तयारी करून घेणारं कोणी असतं, क्लासला पैसे असतात, त्यांची पोरं पुढे जातात. तिथे यावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहे. परीक्षा सगळ्यांना सारखी होती, फक्त परीक्षेपर्यंतचा रस्ता सारखा नव्हता. आमच्या गावातून तालुक्याला जायचा रस्ता बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

त्याच अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना नावाचं राज्य आहे. कापूस, तंबाखू आणि सूतगिरण्यांचा मुलूख, म्हणजे हिंगणघाट-यवतमाळच्या माणसाला अगदीच परका वाटू नये असा. तिथे १९८० साली डरहॅम शहरात, एका बंद पडलेल्या जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत, विज्ञान-गणिताची सरकारी निवासी शाळा सुरू झाली. अकरावी-बारावीची मुलं, राहणं-खाणं-शिकणं सगळं फुकट. या शाळेने चाळणी वेगळी केली. राज्यातल्या प्रत्येक लोकसभा मतदारसंघातून मुलं घ्यायची, म्हणजे मोठ्या शहरांनीच सगळ्या जागा भरून टाकल्या असं व्हायला नको. मार्कांसोबत मुलाचं एकूण काम बघायचं. २०२२ साली या शाळेने मॉर्गनटन इथे दुसरं ठाणं उघडलं, तेही राज्याच्या डोंगराळ पश्चिम भागात.

आता आपल्याकडे येऊ. नवोदयची सुरुवातच विदर्भातून आहे. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून देशात दोनच शाळा काढल्या, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मग ठरवलं की जिल्ह्यागणिक एक शाळा काढायची. आज देशात साडेसहाशेहून जास्त आहेत. आपल्याकडे यवतमाळची बेलोऱ्याला, वर्ध्याची सेलूकाटेला, नागपूरची नवेगाव खैरीला, चंद्रपूरची तळोधी बाळापूरला, गडचिरोलीची घोटला. ही ठिकाणं बघा, एकही मोठं शहर नाही. शाळा मुद्दामच गावांकडे ठेवल्या आहेत.

आणि हिची चाळणी त्या दोन्हींपेक्षा बारकाईने विणलेली आहे, असं माझं मत. एक म्हणजे स्पर्धा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. घोटच्या नवोदयसाठी गडचिरोलीचं पोर गडचिरोलीच्याच पोरांशी लढतं, नागपूरच्या धरमपेठेतल्या पोराशी नाही. दुसरं, सहावीच्या ८० जागांपैकी निदान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा, ग्रामीण भागातल्या मुलांच्या. तिसरं, निदान एक तृतीयांश मुली. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींच्या राखीव जागा आहेतच. मेळघाट, गडचिरोलीतल्या आदिवासी मुलांसाठी एकलव्य मॉडेल निवासी शाळा वेगळ्या, तिथे ४८० मुलांची सोय आणि मुलं-मुली निम्मे-निम्मे.

परीक्षा पाचवीत असताना द्यायची. मराठीतून देता येते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्ता चाचणीचे, म्हणजे आकृत्यांचे: वेगळी आकृती ओळखा, आरशात कशी दिसेल, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल. या भागाला ५० गुण. अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना, भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा गोल कोरा सोडायचा नाही, हे मी पोरांना शंभर वेळा सांगतो आणि तरी एखादं दोन सोडून येतंच.

इथे पालक दोन ठिकाणी हमखास फसतात. पहिलं, ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. 'यंदा अनुभव म्हणून देऊ, पुढच्या वर्षी बघू' हे चालत नाही. दुसरं, ग्रामीण जागेवर हक्क सांगायचा तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली लागतात. त्या तीन वर्षांत शहरातल्या शाळेत थोडे दिवस जरी नाव असलं, तरी पोर शहरी गणलं जातं. तयारी चांगली होईल म्हणून पोराला मामाकडे अमरावतीला ठेवणारे पालक मी पाहिलेत. तयारी झाली, पण पोर शहरी रांगेत जाऊन बसलं.

पैशाचंही सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच असतो. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश शाळेकडून. नववीपासून विकास निधी म्हणून महिन्याला ६०० रुपये घेतात, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तोही माफ. त्या दिवशी ओट्यावर आलेल्या बापाचा चेहरा हे ऐकून जेवढा सैल झाला, तेवढा निकाल बघूनही झाला नव्हता.

आता जातं.

नवोदय विज्ञानशाळा म्हणून काढलेली नाही. गावातल्या हुशार पोराला बाप काय करतो हे न बघता चांगलं शिक्षण मिळावं म्हणून काढली आहे. अभ्यासक्रम सीबीएसईचा, भाषा तीन. नववीत साधारण ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयला जातात, आपली मुलं हिंदी मुलखात आणि तिकडची इकडे. तरी कल विज्ञानाकडे आहे हे लपत नाही. नववीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी जी वेगळी परीक्षा होते, तिचे १०० पैकी ७० गुण गणित आणि विज्ञानाचे असतात. पाचवीला हुकलेल्या मुलांच्या पालकांनी ही खिडकी लक्षात ठेवावी. ती फार कमी जणांना माहीत असते.

पण मला विचाराल तर निवासी शाळेची खरी कमाई वेळ आहे. घरी असलेलं पोर शाळेतून येतं, बैलांना पाणी दाखवतं, कापूस वेचायच्या दिवसांत आईसोबत वावरात जातं, आणि रात्री लाईट असली तर पुस्तक उघडतं. वसतिगृहात संध्याकाळचे तीन तास त्याचे स्वतःचे असतात, आणि बाजूला त्याच प्रश्नावर डोकं खाजवणारं दुसरं पोर बसलेलं असतं. गणिताला हे दुसरं पोर फार लागतं.

रशियातल्या एका गणितज्ञाला हे नेमकं उमगलं होतं. आंद्रेई कोल्मोगोरोव हे विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांपैकी एक. शक्यतांच्या गणिताचा आज वापरतात तो पाया त्यांनी १९३३ साली घातला. एवढा मोठा माणूस, आणि १९६३ साली भौतिकशास्त्रज्ञ इसाक किकोइन यांच्यासोबत मॉस्कोत शाळकरी पोरांची निवासी शाळा काढून बसला. शाळा मॉस्कोत, पण मुलं मॉस्कोबाहेरची, लांबच्या गावांतली आणि लहान शहरांतली. राजधानीतल्या पोरांना चांगले शिक्षक मिळतातच, खेड्यातल्या पोराला कोण देणार, असा साधा हिशेब. स्वतः कोल्मोगोरोव तिथे शिकवायचे, मुलांना घेऊन रानात लांबवर पायी हिंडायचे, संध्याकाळी संगीत ऐकवायचे.

अशा शाळेत गणित म्हणजे काय करतात? नवोदयच्या परीक्षेत ८० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. 'पाच बाया एक वावर १२ दिवसांत निंदतात, तर सहा बाया किती दिवसांत?' साठ भागिले सहा, दहा, पुढे चला. हे यायलाच हवं. पण विज्ञानशाळेतला प्रश्न वेगळ्या जातीचा असतो. माझ्या सहावीच्या वर्गात मी एक करून बघितला, तो सांगतो.

एका वावराचे भाऊबंदांत १४ तुकडे करायचे आहेत. एका वेळी एकाच तुकड्यात एक धुरा (बांध) टाकायचा, म्हणजे त्या तुकड्याचे दोन होतात. एकूण कमीत कमी किती धुरे टाकावे लागतील?

पोरांनी फळ्यावर, फरशीवर, पाटीवर वावरं काढली. एकाने आधी उभे धुरे टाकले, मग आडवे. एकीने आधी बरोबर अर्धं केलं, मग अर्ध्याचं अर्धं. एकाने कोपऱ्यातून एकेक तुकडा तोडत नेला, सावकाराने तोडावं तसा. मोजलं तर सगळ्यांचे १३. मग पोरं चिडली. कमी करायची खटपट म्हणून पुन्हा काढलं, पुन्हा १३. जास्त करून बघितलं, तेही होईना. अर्धा तास वर्गात नुसता कालवा. शेवटी मागच्या बाकावरचं एक पोर, जे एरवी तोंड उघडत नाही, ते म्हणालं, "गुरुजी, धुरा कुठंबी टाका, तुकडा एकच वाढते नं."

बस, एवढंच. सुरुवातीला एक तुकडा, दर धुऱ्याला एक वाढतो, १४ व्हायला १३ लागणार. कसेही टाका. प्रश्नातला 'कमीत कमी' हा शब्दच फसवा होता.

मग मी विचारलं, दोन ऑक्टोबरच्या कबड्डीला २३ संघ आलेत, हरला तो बाद. एक विजेता ठरेपर्यंत सामने किती? पोरं पुन्हा आकृत्या काढायला लागली, पहिल्या फेरीत ११ सामने, एकाला बाय... आणि तेच पोर पुन्हा म्हणालं, "बावीस." का? दर सामन्यात एकच संघ घरी जातो, आणि घरी जायचेत २२. वावर आणि कबड्डी, दोन्हींच्या पोटात गोष्ट एकच. हे ज्या क्षणी पोराला दिसतं, तिथे गणित सुरू होतं. मात्र दीड मिनिटात ते दिसत नाही. त्या पोराचा नवोदयला नंबर लागला नव्हता, हेही सांगून टाकतो.

मग चाळणीत अडकून जी पोरं बाहेर राहिली त्यांचं काय? जिल्ह्यातून हजारो परीक्षा देतात, ८० आत जातात. इथेही रशियाकडे बघण्यासारखं आहे. इस्रायल गेलफांड या गणितज्ञाने १९६४ साली पत्राने चालणारी गणिताची शाळा सुरू केली. लांबच्या गावातल्या पोराला टपालाने प्रश्न यायचे, ते उत्तरं लिहून पाठवायचं, आणि विद्यापीठातले विद्यार्थी ती तपासून, कुठे चुकलं ते लिहून परत पाठवायचे. त्यातली मला सगळ्यांत आवडलेली सोय म्हणजे 'सामूहिक विद्यार्थी'. एखाद्या गावच्या शाळेतली पाच-दहा पोरं आपल्या शिक्षकासोबत मिळून एकच विद्यार्थी म्हणून नाव नोंदवू शकत. प्रश्न सगळ्यांनी मिळून सोडवायचे, वही एकच पाठवायची. नॉर्थ कॅरोलिनाची शाळाही आपले शिक्षक पडद्यावरून राज्यातल्या इतर शाळांच्या मुलांना शिकवायला देते. म्हणजे चांगली विज्ञानशाळा आपल्या कुंपणाबाहेरच्या पोरांचंही काही देणं लागते, असं या लोकांनी मानलं.

आपल्याकडे असं देणं अजून कुणी नीट मानलेलं नाही. पैशाची मदत आहे. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊन यादीत आलं की बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं तर. गरिबाच्या पोरासाठी ही रक्कम मोठी आहे, द्यायलाच हवी ती परीक्षा. पण पैशाने सूक्ष्मदर्शकाची चावी मिळत नाही. मी ज्या शाळेत दहावी झालो तिथे सूक्ष्मदर्शक होता. काचेच्या कपाटात, मखमली कापडाखाली. तीन वर्षांत तो एकदाच बाहेर निघाला, तपासणीच्या दिवशी, आणि साहेब गेल्यावर पुन्हा आत गेला. आम्ही ओळीने उभे राहून त्याचं दर्शन घेतलं होतं, त्यातून काही बघितलं नव्हतं.

सध्या आमच्या केंद्रातल्या तीन शाळा मिळून दर शनिवारी एक प्रश्न ठेवतो. माझ्या गाडीच्या डिकीतून एकच वही तिन्ही गावं फिरते. मागच्या शाळेने लिहिलेलं पुढची शाळा खोडते, समासात भांडते. वहीचं पान फाटतं, डाळीचे डाग पडतात. धुऱ्याचा प्रश्न त्यातच गेला होता आणि एका शाळेने खाली लिहून पाठवलं, "पण वाटणीत कोर्टात गेले तर?"

दिवाळीला ती नवोदयवाली पोरगी सुट्टीत घरी आली. संध्याकाळी ओट्यावर आठ-दहा लेकरं तिच्याभोवती गोळा. ती सांगत होती, सरांनी कांद्याचा आतला पातळ पापुद्रा काढला, काचेवर ठेवला, लाल औषधाचा थेंब टाकला आणि एकेकाला बघायला लावलं.

"मंग दिसलं काय?" बापाने विचारलं.

"खोल्या दिसल्या बाबा. विटांच्या भिंतीसारख्या, एकाला एक लागून."

बाप उठला, सैपाकघरातून एक कांदा घेऊन आला, फोडला आणि पापुद्रा काढून बल्बासमोर धरला. एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मले तं काईच दिसत नाई, गुरुजी."